साडेतीन तोळे

पिल्लं आली तेव्हा पापणीच्या केसाएवढी होती.
नेल्लोरहून, तीन गाड्या बदलून,
हवा भरून फुगवलेल्या पिशव्यांत दहा हजार.
मेव्हणा विट्याच्या स्टँडवर उतरला
नि म्हणाला, दाजी, मोजून घ्या.
आम्ही दोघंही हसलो.
एकेकाळी याच वाटेनं
पिवळी कांडी कमरेला बांधून यायचो,
तेव्हा मोजताना कुणी हसत नव्हतं.

लेंगऱ्याच्या माळावर तळं, काळा कागद अंथरलेलं,
डाळिंबासाठी खोदलेलं.
डाळिंब तेल्यानं गेलं. पाणी राहिलं.

पिशव्या तासभर तशाच तरंगत ठेवल्या,
आतल्या पाण्याची बाहेरच्या पाण्याशी ओळख होईस्तोवर.
मग तोंडं सोडली.
दहा हजार जीव आत गेले
आणि पाण्यावर एक वळी उठली नाही.
कलावती म्हणाली, होतं का काय खरंच त्यात?

तळाशी फुटकी कौलं टाकली, पाइपचे तुकडे,
ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी.
कोळंबीला वाढायचं तर अंगावरचं सगळं उतरवावं लागतं,
आणि उतरवलं की अंग लोण्यासारखं.
तेव्हा लपायला जागा नसली
तर बाकीच्या खातात.
बाकीच्या म्हणजे भावकीच.
हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पहिलं कवच कडेला तरंगताना दिसलं,
मिशांसकट, डोळ्यांच्या टोप्यांसकट, आरपार,
तेव्हा मी मटकन बसलो. मेली म्हटलं.
कलावतीनं काडीनं उलटं केलं.
"रिकामंय," म्हणाली,
"झंपर काढून ठेवल्यागत."

श्रावणातल्या एका आठवड्यात लाईट रात्रीची होती.
साडेतीनला डीपीवर ठिणगी उडाली
आणि पाणी घुसळणारं चाक थांबलं.
पहाटेस पाण्यातली हवा तशीही संपत आलेली असते.
आधी एक, मग दहा, मग काठानं सगळी रांग,
कागदावर चढू बघणारी.
बॅटरी मारली तर डोळेच डोळे,
निखाऱ्यासारखे.

निखारे मी एकवीस वर्षं बघितले.
जिन्याखालच्या खोलीत भाता मारायचा,
कोळसा फुलायचा,
तेजाबात सोन्याची खोट जळून धूर व्हायची
आणि तो धूर मी आत घ्यायचो.
सोनं शंभर नंबरी निघालं.
डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरून विचारलं,
विडी ओढता?

बादली घेऊन पाण्यात उतरलो.
भरायची, डोक्यावर धरायची, ओतायची.
विसाव्या बादलीला माझाच श्वास काठाला लागला.
कलावती काही बोलली नाही.
काष्टा घातला, कळशी घेतली, उतरली.
तोवर ती त्यांना किडेच म्हणायची.
भरते, ओतते. भरते, ओतते.
मी काठावर बसून खिशातला पंप दोनदा ओढला
आणि तिच्या कळशीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज
मोजत राहिलो, चुकलो, पुन्हा मोजला.

डोंगरामागे फटफटलं.
हिरवं पाणी उजेड प्यालं.
रांग विरळ झाली, मग मोडली.
चारशे मेलेल्या काढून लिंबाखाली पुरल्या.
वरनं लिंबू यंदा झुकलाय, पण ते जाऊ दे.

काल जाळं फिरवलं. निळ्या नांग्यांचा एक नर आला,
माझ्या वितीपेक्षा लांब.
पेटीतला जुना काटा काढला,
सगळं विकलं तेव्हा तेवढा विकला नव्हता.
गड्यानं पारड्यात उभं राहून
माझ्यावरच नांगी उगारली.

साडेतीन तोळे, मी म्हणालो.
अविराज म्हणाला, आबा, व्यापारी विचारतो
किलोत किती बसतात.
मी दुसऱ्या पारड्यात गुंज टाकायला गेलो.

"वजन ऱ्हाऊ द्या," कलावती म्हणाली,
"आधी पाण्यात सोडा त्येला."